तलवारीच्या बुडाशी नळाची चावी

ओबीवान केनोबी हा ‘स्टार वॉर्स’मधला वडीलधारा माणूस. पांढरी दाढी, पायघोळ झगा आणि आवाज असा की समोरच्याने नकळत मांडी घालून बसावं. या तपस्व्याच्या कमरेला जी सुप्रसिद्ध तेजाची तलवार लटकते, म्हणजे लाइटसेबर, तिच्या बुडाशी नळाची चावी आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. फिरवली की पाणी येणारी, ॲर्मिटेज शँक्स कंपनीची खरीखुरी चावी आहे ती. ही इंग्लंडातली वॉशबेसिनांची आणि कमोडांची कंपनी. ब्रिटिश पुरुषांनी तिचं नाव जन्मभर ज्या भिंतीकडे तोंड करून वाचलेलं असतं, त्या भिंतीचा इथे उल्लेख न केलेला बरा.

चावीच्या वर ब्राउनिंग मशीनगनच्या नळीचा एक तुकडा. त्याच्या वर जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा पट्टा. त्याच्या वर पहिल्या महायुद्धातला, रायफलीतून उडवायचा ब्रिटिश बॉम्ब. आणि सगळ्यात वर, जिथून ते तेजस्वी पातं बाहेर पडतं, तिथे रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातली एक नळी. दीड वीत लांबीच्या वस्तूत दोन महायुद्धं, हवाईदल आणि न्हाणीघर अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदाने नांदतात. १९७७ साली चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकाला यातलं काहीही दिसलं नाही. त्याला तलवार दिसली आणि तो गप्प बसला.

हा असा संसार मांडला, कारण पैसे नव्हते. चित्रपटाचं अंदाजपत्रक साधारण १ कोटी १० लाख डॉलरचं. ऐकायला बरं वाटतं; पण त्यात दोन-तीन ग्रह, एक चंद्राएवढं युद्धयान आणि अख्खं साम्राज्यवादी सैन्य उभं करायचं होतं. शिवाय दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांना सगळं वापरलेलं, पोचे आलेलं, तेलकट हवं होतं. अंतराळ म्हणजे नुकतंच ऑपरेशन थिएटर पुसून घेतलंय, असं त्यांना नको होतं. एल्स्ट्री स्टुडिओत सेट सजवायचं काम रॉजर ख्रिश्चन यांच्याकडे होतं. त्यांनी मोडीत निघालेल्या विमानांचं भंगार विकत घेतलं, कारण ते स्वस्तात मिळत होतं. बंदुका खऱ्याच घेतल्या. नायकाचा साथी हान सोलो याचं पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-९६, वर दुर्बीण बसवलेली. साम्राज्याच्या शिपायांची बंदूक म्हणजे ब्रिटिश सैन्यातली स्टर्लिंग. तिच्या अंगावर कारखान्यात नग मोजायला लावतात तसा हेंग्स्टलर कंपनीचा काउंटर डकवलेला आहे. हे शिपाई कितीही गोळ्या झाडल्या तरी कोणाला लागू देत नाहीत, तेव्हा तो काउंटर नेमकं काय मोजतो, हा प्रश्न मला फार दिवस सतावतो आहे.

नायकाच्या, म्हणजे ल्यूकच्या तलवारीची गोष्ट आणखी सोपी. ख्रिश्चन लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवर फोटोग्राफीच्या दुकानात गेले आणि काही जुनंपानं, वेगळं आहे का, असं त्यांनी मालकाला विचारलं. कुठलाही खरा दुकानदार या प्रश्नावर जे करील तेच त्याने केलं: खालच्या बाजूच्या धूळ खात पडलेल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. खोक्यात निघाल्या ग्राफ्लेक्सच्या फ्लॅशच्या मुठी. ग्राफ्लेक्स ही न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची कंपनी. १९४०च्या दशकातले अमेरिकन वार्ताहर जो भलामोठा कॅमेरा घेऊन पळायचे, त्याला ही मूठ बाजूला लावलेली असायची. आत तीन जाडे सेल, वर बल्ब. ख्रिश्चन यांनी बल्बाचा सांगाडा काढला, मुठीला कपाटाच्या दाराला लावतात तसल्या पट्टीचे तुकडे सुपरग्लूने चिकटवले. मुठीभोवतीच्या पट्ट्यात कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची फुगीर भिंगांची पट्टी खोचली, लटकवायला एक कडी लावली. झालं. हजार पिढ्यांची परंपरा असलेलं जेडाय पंथाचं शस्त्र तयार. पुढे या चित्रपटाच्या कला विभागाला ऑस्कर मिळालं, त्यात ख्रिश्चनही होते. मला वाटतं, त्या दुकानदारालाही एखादं उत्तेजनार्थ द्यायला हरकत नव्हती.

आपल्या नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. ते याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. भीमाची गदा थर्माकोलची असते, दुसऱ्या रांगेपासून ती लोखंडी दिसते आणि प्रयोग संपला की ट्रंकेत जाते. चाळीस वर्षांनी कोणी बोरिवलीहून व्हर्निअर कॅलिपर घेऊन येतो आणि त्या गदेच्या सोनेरी कागदावरच्या सुरकुत्या मोजतो, असं अजून तरी ऐकलेलं नाही.

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत मात्र नेमकं हेच झालं. जगभर हजारो माणसं, त्यांतली बहुतेक नोकरीधंद्याला लागलेली आणि बायकामुलं असलेली, या वस्तूंच्या हुबेहूब नकला बनवतात, विकत घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात. मूळ वस्तू केली अंदाजपंचे. नक्कल होते मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. आणि मूळ वस्तू तरी कशाची? लाइटसेबर जगात नाही. म्हणजे जी वस्तू अस्तित्वातच नाही, तिची एकाने घाईत केलेली खोटी प्रतिकृती, आणि त्या खोट्याची ही खरी नक्कल.

या मंडळींचा पहिला उद्योग म्हणजे शोध. चित्रपट व्हिडिओवर थांबवायचा, धुरकट चित्राकडे डोळे बारीक करून बघायचं आणि ठरवायचं की हे काय असावं. ओबीवानच्या तलवारीतला एकेक तुकडा ओळखायला वर्षं गेली. कोणी जेट इंजिनांचे नकाशे चाळले, कोणी युद्धसामग्रीच्या बाजारात फिरलं, कोणी नळ पाहिले. परक्याच्या न्हाणीघरात शिरून नळाकडे टक लावून बघणाऱ्या पाहुण्याबद्दल यजमानांना काय वाटलं असेल, याची नोंद कुठे नाही. मिलेनियम फाल्कन या यानाचं तर विचारूच नका. त्याच्या मॉडेलच्या पाठीवर जे हजार बारीकसारीक यंत्रावयव दिसतात, ते रणगाड्यांच्या आणि मोटारींच्या खेळण्यातल्या किटांमधून काढून चिकटवलेले आहेत. कुठला तुकडा कुठल्या कंपनीच्या कुठल्या रणगाड्याचा, हे चाहत्यांनी एकेक करून हुडकून काढलं. मग ते जुने किट विकत घेतले. मग त्यातला तेवढा एक तुकडा काढून घेतला आणि उरलेला रणगाडा कपाटावर टाकला.

याचा पहिला फटका बसला कॅमेरे जमवणाऱ्यांना. ती बिचारी सभ्य जमात. जुना ग्राफ्लेक्स कॅमेरा, त्याची मूळ मूठ, मूळ बल्ब, असं सगळं साग्रसंगीत जमवून आठवड्यातून एकदा फडक्याने पुसायचं, एवढीच त्यांची हौस. एके काळी ही मूठ जुन्या बाजारात किरकोळ किमतीला मिळे. चाहत्यांना सुगावा लागला आणि भाव अस्मानाला भिडले. पैशांचं एक वेळ सोसलं असतं. पण समोरचा माणूस शंभर नंबरी मूठ विकत घेतो, घरी जाऊन तिला सुपरग्लूने रबरी पट्ट्या डकवतो आणि वर ‘आता ही पूर्ण झाली’ म्हणतो, हे त्यांच्याने बघवत नाही. कॅल्क्युलेटर जमवणाऱ्यांचंही दुःख तेच. फक्त ते संख्येने कमी, म्हणून ओरडा कमी.

१९९९ सालच्या ‘फँटम मेनेस’ या पुढच्या चित्रपटात जेडाय गुरू क्वाय-गॉन हातात धरून ज्या यंत्रावर बोलतो, ते बायकांच्या जिलेट सेन्सर एक्सेल रेझरच्या मुठीचा साचा काढून बनवलेलं आहे. तेव्हा तर हाताशी पैसा रग्गड होता. पण एकदा सवय लागली की लागली. हे उघड झाल्यावर चांगली दाढीवाली माणसं दुकानात बायकांच्या विभागात उभी राहून रेझरच्या मुठी उजेडात फिरवून बघू लागली.

आता या चाहत्यांच्या पंथातलं सोवळं सांगतो. परवलीचा शब्द आहे ‘स्क्रीन ॲक्युरेट’: पडद्यावर जसं दिसलं, तसंच. यात पाठभेद फार. पहिल्या चित्रपटातली तलवार वेगळी, दुसऱ्यातली वेगळी. जवळून दाखवायची वेगळी, मारामारीत आपटायची वेगळी. आणि प्रमाण कोणतं, तर पडदा. ज्याने वस्तू बनवली त्याची आठवण हा दुय्यम पुरावा. त्याने ‘मी इथे अमुक लावलं होतं’ असं म्हटलं, तर मंडळी आदराने ऐकून घेतात आणि घरी येऊन फ्रेम थांबवून तपासतात.

त्याखालोखाल कुळाचा प्रश्न. साम्राज्याच्या पांढऱ्या शिपायाचं, म्हणजे स्टॉर्मट्रूपरचं, हेल्मेट घ्या. एखाद्या खऱ्या, चित्रीकरणात वापरलेल्या हेल्मेटवरून कोणी साचा काढला, तर त्यातून निघालेली प्रत पहिल्या पिढीची. तिच्यावरून साचा काढला की दुसरी पिढी. ओतीव माल दर पिढीला किंचित आटतो, तपशील बोथट होतो. म्हणून हेल्मेट घेताना आधी वंशावळ विचारतात: हे कोणाचं, त्याच्या आधी कोणाकडचं, मूळ कुठलं. आणि दुसऱ्याच्या मालावरून गुपचूप साचा काढून विकणं हे महापातक. मूळ हक्क असलेल्या कंपनीला न विचारता जे काही करायचं ते केलेलं असतंच; पण आपापसांत चोरी करायची नाही. या नीतिशास्त्राचा बारकावा बाहेरच्याला चटकन कळत नाही. मला तो पूर्ण पटतो, हे सांगायलाही थोडा संकोच वाटतो.

हेल्मेटाची खरी मौज त्याच्या वाकडेपणात आहे. मूळ हेल्मेटं गरम प्लॅस्टिकचा पत्रा निर्वात यंत्राने साच्यावर ओढून, मग हाताने कापून केलेली. डावी-उजवी बाजू सारखी नाही. कान बसेनात म्हणून कुठे जास्त छाटलेत, कुठे फट राहिली आहे. गालावरच्या निळ्या रेघा हाताने ओढलेल्या, त्यामुळे त्यांची संख्यासुद्धा एका हेल्मेटाची दुसऱ्याला नाही. शुद्ध, सममित, कारखान्यातून निघालेलं सुबक हेल्मेट जाणकारासमोर ठेवा. तो ते उचलणारही नाही. त्याला तो अमुक कोनातला वाकडा डोळाच हवा. ज्या कामगाराने १९७६ साली चहाची वेळ झाली म्हणून ब्लेड जरा तिरकं मारलं असेल, त्याच्या त्या तिरकेपणाची आज नकाशा काढून पूजा होते.

याच हेल्मेटाचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वात लाडका भाग आहे. लंडनजवळ ट्विकनहॅमला राहणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनीच मूळ चित्रपटासाठी ही हेल्मेटं ओढून दिली होती. २००४च्या सुमारास त्यांनी ती पुन्हा बनवून विकायला काढली. लुकस यांच्या लुकसफिल्म कंपनीने अमेरिकेत दावा लावून त्यांच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा निकाल मिळवला. तिथे हे गृहस्थ बाजू मांडायला फिरकलेच नव्हते. मग लढाई इंग्लंडात आली आणि तीन न्यायालयांतून फिरली. कळीचा प्रश्न असा: हे हेल्मेट शिल्प आहे का? शिल्प असेल तर कलाकृती म्हणून दीर्घकाळ संरक्षण. नसेल तर नाही. घटकाभर डोळ्यांपुढे आणा. पाच विद्वान न्यायमूर्ती, पुढ्यात कायद्याच्या पोथ्या, आणि विचाराधीन विषय असा की जे घातलं की नीट दिसत नाही अशी ख्याती आहे, ते पांढरं प्लॅस्टिकचं टोपडं शिल्पकार हेन्री मूरच्या पंगतीत बसतं की नाही. २७ जुलै २०११ रोजी निकाल लागला: शिल्प नाही. चित्रपट ही कलाकृती. हेल्मेट हे तो बनवताना लागलेलं एक साधन. निकाल मला शहाणपणाचा वाटतो. एन्सवर्थ ब्रिटनमध्ये हेल्मेटं विकायला मोकळे झाले. मात्र अमेरिकेतला कॉपीराइट मोडल्याचा हिशेब इंग्लंडच्या कोर्टातही मागता येतो, असंही त्याच निकालात ठरलं, म्हणजे दोन्ही बाजूंना घरी जाऊन थोडंफार हसता आलं.

आता जुनं करण्याचा विधी. नवीकोरी नक्कल हातात आली की तिचा मालक आनंदाने नाचत नाही. तो पॉलिश पेपर आणायला जातो. पडद्यावरच्या वस्तूवर ओरखडे आहेत, म्हणून हिच्यावरही हवेत, आणि तेही त्याच जागी. काळा रंग लावायचा, ओला असताना पुसायचा, कडांना घासायचं, खाचांत मळ भरायचा. डोंबिवलीला आमचे एक स्नेही आहेत, बँकेत ऑफिसर. त्यांनी ओबीवानच्या तलवारीचे सुटे भाग परदेशातून मागवले, जोडले आणि कित्येक रविवार ती जुनी करण्यात घालवले. शेवटी ती साठ वर्षं गॅरेजमध्ये पडल्यासारखी दिसू लागली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग ते ऑडिटसाठी नागपूरला गेले. मध्ये दिवाळी आली. परत आल्यावर कपाटात बघतात तो तलवार लखलखते आहे.

“अरे, तुझ्या त्या बॅटरीला काय कळा आली होती!” त्यांच्या आई म्हणाल्या. “देवाची उपकरणी घासायला काढलीच होती, तर तिलाही चिंच लावली. बघ कशी निघाली!”

“आई, अगं ती बॅटरी नाहीये. तलवार आहे.”

“असेल. पण मग तिला खाली नळाची चावी कशाला लावलीय?”

जगभरच्या अभ्यासकांना जो भाग ओळखायला वर्षं लागली, तो आईंनी चष्मा न लावता ओळखला. स्नेह्यांनी त्यांना काही बोलून दाखवलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पॉलिश पेपर आणला.

बॅटरी म्हणण्यातही आईंचं फारसं चुकलं नाही, कारण नायकाची तलवार मुळात तीन सेलांची नळीच होती. आणि बघा, अशा खोट्या वस्तूंचं नशीब कुठवर जावं! ऑक्टोबर २००७ मध्ये, चित्रपटाला तीस वर्षं झाली म्हणून, ल्यूकची एक तलवार ‘डिस्कव्हरी’ यानातून अंतराळ स्थानकावर जाऊन आली. खऱ्या अंतराळात, खऱ्या रॉकेटमधून. मूळ खलनायकाची तलवार, म्हणजे डार्थ व्हेडरची, तीही एका ब्रिटिश फ्लॅशचीच मूठ. चित्रीकरणात वापरलेली अशी एक मूठ २०२५ मध्ये ३६ लाख डॉलरहून जास्त किमतीला लिलावात गेली. त्याआधी २०२३ मध्ये लढाऊ एक्स-विंग यानाचं एक मूळ मॉडेल ३१ लाखांवर गेलं. ते सापडलं होतं दिवंगत मॉडेलकार ग्रेग जाइन यांच्या गॅरेजमधल्या खोक्यात. या बातमीनंतर ज्यांचे नवरे ‘ते खोकं टाकू नकोस’ म्हणतात, त्या बायकांचा मोठा तात्त्विक पराभव झाला आहे.

पण किमतीपेक्षा मला भक्ती जास्त मोहवते, आणि तिचा कळस म्हणजे आइस्क्रीमचं भांडं. १९८०च्या ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये ढगांवरच्या शहरातून लोक पळतात, तेव्हा नारिंगी कपड्यातला एक माणूस काखेत काहीतरी घेऊन क्षणभर धावताना दिसतो. ते काहीतरी म्हणजे हॅमिल्टन बीच कंपनीचं घरगुती आइस्क्रीमचं यंत्र. शहर पडलं, साम्राज्याचं सैन्य आलं आणि या माणसाने घरातून उचललं काय, तर हे. चाहत्यांनी त्याला अंतर दिलं नाही. त्याला नाव मिळालं, विलरो हूड. खेळण्यातली बाहुली निघाली. ते भांडं नसून आत महत्त्वाची गुप्त माहिती होती, असं स्पष्टीकरणही तयार झालं. ‘स्टार वॉर्स’च्या मेळाव्यांत नारिंगी कपडे घालून, काखेत तसंच यंत्र मारून पळणाऱ्यांची झुंड निघते, त्यासाठी नेमकं ते मॉडेल शोधावं लागतं, दुसरं चालत नाही. आणि २०१९ मध्ये ‘मँडलोरियन’ मालिकेत तेच भांडं मौल्यवान धातू ठेवायची तिजोरी म्हणून अधिकृतपणे अवतरलं. धावणाऱ्याने शेवटी कथेलाच वळवलं.

हे सगळे लोक नुसते कपाटं भरत नाहीत. स्टॉर्मट्रूपरचा पोशाख करणाऱ्यांची ‘५०१वी लीजन’ ही संघटना १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्यात शिरायला पोशाखाचे फोटो पाठवून पास व्हावं लागतं आणि काखेतली फट किती हे बघितलं जातं. एकदा आत गेलात की रुग्णालयात मुलांना भेटायला जायचं, मदतनिधीसाठी उन्हात उभं राहायचं. संस्थापकाच्या लहान मुलीला मेंदूचा कर्करोग झाला, तेव्हा तिला सोबतीला आरटू-डीटू यंत्रमानव हवा होता. आरटू बनवणाऱ्या हौशी मंडळींनी तिच्यासाठी गुलाबी आरटू केला. ती २००५ मध्ये गेली. गुलाबी आरटू त्यानंतर मुलांना भेटत राहिला. इथे विनोद सुचत नाही, आणि सुचवायचाही नाही.

‘मँडलोरियन’च्या पहिल्या पर्वात स्टॉर्मट्रूपरची फौज हवी होती आणि स्टुडिओकडे पुरेसे पोशाख नव्हते. त्यांनी ५०१व्या लीजनला बोलावलं. माणसं आपापली चिलखतं घेऊन आली, आणि ती इतकी चोख होती की स्टुडिओच्या लोकांनाच ओशाळल्यासारखं झालं असेल. त्याआधी आरटूच्या बाबतीतही तसंच झालं होतं. २०१३ साली जर्मनीतल्या मेळाव्यात लुकसफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी हौशी लोकांनी बनवलेले आरटू बघायला आल्या आणि त्यानंतर ब्रिटनच्या आरटू क्लबातल्या दोघांना ‘फोर्स अवेकन्स’ या नव्या चित्रपटासाठी खरा आरटू बनवायचं काम मिळालं.

म्हणजे नकलेची नक्कल करणाऱ्यांनी केलेला आरटू पडद्यावर आला. पडद्यावर आला, म्हणजे तो अस्सल झाला. आणि अस्सल झाला, म्हणजे आता त्याचीही मापं घेणं आलं. घुमटावर ओरखडा कुठे, निळा रंग कुठल्या छटेचा, कुठला स्क्रू जुन्यापेक्षा वेगळा. या खेपेला सोय एवढीच की बनवणारा क्लबातलाच, फोन केला तर मापं तोंडपाठ सांगेल. मंडळी त्याला फोन करतील, मापं नीट लिहून घेतील, त्याचे आभार मानतील आणि मग फ्रेम थांबवून तपासतील.